सागरी तंत्रज्ञानात एम.टेक. करायचंय? पाया असा घाला

दरवर्षी गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा किंवा मुलीचा फोन येतो. "दादा, मेकॅनिकल केलंय, ओशन इंजिनिअरिंगला नंबर लागतोय. घेऊ का? जहाजातलं तर मला काहीच येत नाही." मी स्वतः सिव्हिलचा, सांगली जिल्ह्यातला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला. त्यामुळे ही धाकधूक मला चांगली ओळखीची आहे. फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगतो तेच इथे सलग लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. या विषयाचा पाया पाच-सहा कल्पनांचा आहे. वस्तू का तरंगते, का उलटते, लाट कशी चालते, लाटेचा मार किती बसतो, पाणी किती अडवतं आणि खारं पाणी लोखंडाचं काय करतं. या कल्पना कागद-पेन्सिल घेऊन स्वतः सोडवल्या तरच अंगात मुरतात. सॉफ्टवेअर उघडायची घाई केली की दोन वर्षं रंगीत चित्रं काढण्यात जातात आणि मुलाखतीत साधा आकडा विचारला तरी तोंडाला कुलूप लागतं.

पहिलं काम: नेमकं काय शिकायचंय ते ठरवा

घरच्यांना वाटतं, आता हा बोटीवर जाणार. बोटीवर इंजिन सांभाळणारा मरीन इंजिनिअर वेगळा, त्याचं प्रशिक्षण आणि परवाने वेगळे. समुद्राच्या पाण्याचा, प्रवाहांचा, जीवांचा अभ्यास करणारे समुद्रशास्त्रज्ञ वेगळे. १९६६ मध्ये स्थापन झालेली, गोव्यात दोना पावलाला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्यांची. आपला विषय समुद्रात टिकणाऱ्या वस्तू घडवण्याचा आहे. त्यात तीन वाटा फुटतात. जहाजाचा आराखडा करणारं नेव्हल आर्किटेक्चर, तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म आणि पवनचक्क्यांचा पाया बघणारं ऑफशोअर, आणि बंदरं, लाटरोधक बंधारे, किनारा बघणारं कोस्टल. मेकॅनिकलवाल्यांना पहिली वाट जवळची वाटते, सिव्हिलवाल्यांना तिसरी. मधल्या वाटेवर दोघंही भेटतात. पहिल्या सत्रात मात्र तिघांचाही अभ्यास जवळपास एकच असतो, म्हणून आजच पक्कं ठरलं नसेल तर जिवाला घोर लावून घेऊ नका.

दुसरं: प्रवेश

हा भाग थोडक्यात उरकतो, कारण तारखा आणि नियम दरवर्षी संस्थेच्या माहितीपत्रिकेतच वाचायला हवेत. देशात या विषयाचं जुनं घर म्हणजे आयआयटी खरगपूर. तिथला विभाग १९५२ पासूनचा. आयआयटी मद्रासमध्ये ओशन इंजिनिअरिंगचा स्वतंत्र विभाग आहे. कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात शिप टेक्नॉलॉजी, इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम कॅम्पसमध्ये नेव्हल आर्किटेक्चर, तर कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या एनआयटी सुरतकलमध्ये सागरी बांधकामांचा अभ्यास होतो. गेटमध्ये २०२२ पासून 'नेव्हल आर्किटेक्चर अँड मरीन इंजिनिअरिंग' असा वेगळा पेपर आहे, पण मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या पेपरवरही बऱ्याच जागा मिळतात. तुमच्या पदवीचाच पेपर द्या. फक्त जहाजाच्या हौसेपायी नवा पेपर उचलू नका, आहे ती तयारी वाया जाते. आयआयटींचे अर्ज प्रत्येक ठिकाणी वेगळे भरून मग सामायिक पोर्टलवरून जागा स्वीकारायची असते, एनआयटींचं समुपदेशन वेगळं. गेटच्या गुणांवर पूर्ण वेळ प्रवेश घेतला की महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. वसतिगृह, मेस आणि थोडी पुस्तकं त्यात भागतात.

परदेशी जायचं असेल तर नॉर्वेत ट्रोंडहाइमचं एनटीएनयू, नेदरलँड्समधलं डेल्फ्ट आणि इंग्लंडमधलं न्यूकॅसल ही या विषयातली मोठी नावं. नॉर्वेत पूर्वी शिक्षण सगळ्यांना फुकट होतं, २०२३ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क लागतं. जुने सल्ले ऐकून हिशोब मांडू नका.

तिसरं: प्रवेश आणि वर्ग सुरू होण्यामधले दोन महिने

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे दोन महिने नीट वापरले की पहिलं सत्र सोपं जातं. गणितात डिफरन्शियल इक्वेशन, फूरिए मालिका आणि थोडी संभाव्यता, एवढं झटकून घ्या. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये बर्नुलीपासून पोटेन्शियल फ्लोपर्यंत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. आणि मग हा घरगुती प्रयोग करा. मी प्रत्येकाला करायला लावतो.

स्वयंपाकघरातला सरळ भिंतींचा, सपाट तळाचा प्लास्टिकचा चौकोनी डबा घ्या. तळ समजा ३० सेंटीमीटर लांब आणि २० रुंद. वाळूच्या पिशव्या भरून डब्यासकट वजन बरोबर ३ किलो करा. आता टबात सोडण्याआधी वहीत लिहा, डबा किती बुडेल? तरंगणारी वस्तू आपल्या वजनाएवढंच पाणी बाजूला सारते. ३००० ग्रॅम भागिले तळाचं क्षेत्रफळ ६००, म्हणजे ५ सेंटीमीटर. मार्करने रेघ मारा आणि डबा सोडा. पाणी त्या रेघेला टेकलं की जो आनंद होतो, तो पुढे खऱ्या जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे बुडालेली खोली, जुळला तरी तसाच होतो.

पुढचा प्रश्न: हा डबा कधी उलटेल? डबा किंचित कलला की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, आणि पाण्याचा वर ढकलणारा रेटा कललेल्या बाजूकडे सरकतो. तो रेटा डब्याच्या मधल्या रेषेला जिथे छेदतो तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. चौकोनी डब्यासाठी त्याची उंची काढणं सोपं आहे. रेट्याचा केंद्रबिंदू ड्राफ्टच्या निम्म्यावर, म्हणजे तळापासून २.५ सेंटीमीटरवर. त्याच्यावर मेटासेंटर किती? रुंदीचा वर्ग भागिले ड्राफ्टच्या बारा पट: ४०० भागिले ६०, म्हणजे ६.६७. बेरीज ९.१७ सेंटीमीटर. डब्याचा गुरुत्वमध्य याच्या खाली आहे तोवर डबा कलून परत सरळ होतो. वाळूच्या पिशव्या एकावर एक रचत गुरुत्वमध्य वर न्या. ९ च्या आसपास आला की डबा सुस्तावतो, हळू डुलतो, आणि त्यापुढे नेलात की सरळ उभा राहतच नाही. हा सुस्तपणा डोळ्यांनी बघून ठेवा. जुने तांडेल होडीच्या डुलण्यावरून भार नीट बसलाय का ते ओळखतात, ते याच कारणाने.

आता त्याचा उलटा हिशोब. डब्यात २० सेंटीमीटर लांब दोरा टांगून खाली नट बांधा, मागे पट्टी लावा. त्या ३ किलोंतलंच १०० ग्रॅमचं एक वजन १० सेंटीमीटर आडवं सरकवा. समजा नट पट्टीवर १.६ सेंटीमीटर सरकला. वजन गुणिले अंतर १००० ग्रॅम-सेंटीमीटर, त्याला डब्याच्या ३००० ग्रॅमने भागलं की ०.३३३. कलाचं प्रमाण १.६ भागिले २०, म्हणजे ०.०८. ०.३३३ ला ०.०८ ने भागा: ४.१७. गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरपर्यंतचं हे अंतर, जीएम. ९.१७ मधून ते वजा केलं की गुरुत्वमध्य तळापासून ५ सेंटीमीटरवर आहे हे कळलं, आणि तेही डबा न उघडता. नव्या जहाजांवर हीच चाचणी होते. तिला इन्क्लायनिंग टेस्ट म्हणतात.

मग डब्यातली वाळू थोडी कमी करून दोन पेले पाणी आत ओता आणि पुन्हा डुलवा. आतलं पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि डब्याला आणखी कलतं करतं. आता डब्याच्या मधोमध लांबीने एक उभी पट्टी चिकटवून पाण्याचे दोन भाग करा. हा घातक परिणाम बरोबर चौथ्या हिश्श्यावर येतो, कारण तो रुंदीच्या घनावर ठरतो: निम्म्या रुंदीच्या प्रत्येक भागात आठवा हिस्सा, दोन मिळून चौथा. जहाजाच्या टाक्यांत उभ्या भिंती कशासाठी असतात, याचं हे एक मोठं कारण.

हे सगळं खेळासारखं वाटलं तरी त्यामागे माणसं आहेत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. भर पावसाळ्याचे दिवस, लाटेने बोट कलली आणि घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. आता वरचंच गणित मांडा. सहाशे माणसं सरासरी साठ किलोंची धरली तर ३६ टन. ती तीन मीटर आडवी सरकली तर १०८ टन-मीटर. डब्यातल्या १०० ग्रॅमच्या वजनाच्या जागी जिवंत माणसं ठेवलीत की जीएम या दोन अक्षरांचं वजन कळतं. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते.

चौथं: धक्क्यावर जाऊन उभे राहा

मुंबई, रत्नागिरी, वास्को, जे जवळ असेल तिथे. जहाजाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला ड्राफ्टचे आकडे रंगवलेले असतात, ते वाचायला शिका. मालवाहू जहाजाच्या मध्यावर वर्तुळ आणि शेजारी आडव्या रेघा दिसतील, त्यांच्यापुढे एफ, टी, एस अशी अक्षरं. गोड्या पाण्यात, उष्ण कटिबंधात, उन्हाळी मोसमात जहाज कुठवर बुडालेलं चालेल, ते त्या रेघा सांगतात. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. समुद्रात ८ मीटर बुडालेलं चौकोनी बार्ज (सपाट तळाची मोठी मालवाहू होडी) गोड्या पाण्यात ८.२ मीटर बुडेल. गोव्यात मांडवीतून खाली येणाऱ्या खनिजाच्या बार्जांना हा फरक कायम लक्षात ठेवावा लागतो, कारण वर नदीचं पाणी आणि खाली मुरगावला समुद्र.

तिथेच लाटाही मोजा. एखादा खांब धरा, त्याच्यापाशी आलेल्या एका शिखरापासून दहावं पुढचं शिखर येईपर्यंतचा वेळ घ्या, दहाने भागा. पावसाळ्यात आठ-दहा सेकंदांचा कालावधी सहज मिळतो. खोल समुद्रात लाटेची लांबी काढायची तर कालावधीच्या वर्गाला १.५६ ने गुणायचं. आठ सेकंदांची लाट १०० मीटर लांब, दहा सेकंदांची १५६ मीटर. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो: ती आखूड होते, हळू होते, आणि किनाऱ्याजवळ उंच होऊन फुटते. मुंबई हायला, म्हणजे अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्रात, पाणी साधारण ७५ मीटर खोल. दहा सेकंदांच्या लाटेची निम्मी लांबी ७८. म्हणजे किनाऱ्यापासून इतक्या लांबवरही पावसाळी लाटेला तळ लागायला सुरुवात झालेली असते. असे हिशोब चालता चालता करण्याची सवय लावा.

पाचवं: पहिल्या सत्रात कशावर जोर द्यायचा

जलगतिकी, म्हणजे हायड्रोडायनॅमिक्स, यातच सगळ्यांची दांडी उडते. लाटेचा रेषीय सिद्धांत एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः मांडा: लाप्लासचं समीकरण, तळाची अट, पृष्ठभागाच्या दोन अटी. तीन-चार पानं होतात. ती पानं मी अजून जपून ठेवली आहेत. त्यानंतर खांबावर बसणारा लाटेचा मार. बारीक खांबासाठी १९५० मध्ये मांडलेलं मॉरिसन समीकरण वापरतात. त्यात दोन पदं: एक पाण्याच्या वेगाच्या वर्गावर, दुसरं त्वरणावर. वेग शिखराखाली सर्वाधिक, त्वरण मात्र पाण्याची पातळी मधून जाते तेव्हा. दोघांची कमाल एका क्षणी येत नाही, त्यामुळे नुसती बेरीज करणारा हमखास चुकतो. एका खांबासाठी लाटेच्या पूर्ण आवर्तनाचा तक्ता हाताने करा, मग पायथॉनमध्ये वीस ओळी लिहून पडताळा.

खरा समुद्र एका लाटेचा नसतो. म्हणून 'सिग्निफिकंट' उंची शिकवतात, म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. बातमीत लाटांची उंची ५ मीटर म्हटली की त्यात एखादी लाट ९-१० मीटरची येऊ शकते हे मनात धरा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ बार्जचे नांगर सुटले, ते वाहत जाऊन बुडालं आणि सत्तरहून अधिक कामगार गेले. नांगराच्या साखळ्यांवरचं प्रकरण अभ्यासक्रमात उशिरा येतं आणि मुलं ते घाईत उरकतात. कृपा करून तसं करू नका.

बाकी विषयांत एकेक धागा पकडला तरी सुरुवातीला पुरे. आठ सेकंदांना एक लाट धरली तर वर्षाला ३९ लाख आणि पंचवीस वर्षांत सुमारे १० कोटी लाटा बांधकामाला हेलकावतात. म्हणून वेल्डिंगच्या सांध्यांचा थकवा बघायचा. गंज सगळ्यात जास्त लागतो तो लाटांच्या शिंतोड्यांच्या पट्ट्यात, जिथे पाणी आणि हवा आळीपाळीने मिळतात. पाण्याखाली जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे जोडतात, ते स्वतः झिजून पोलाद वाचवतात.

सहावं: प्रयोगशाळा

विल्यम फ्रूडने १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये टॉर्कीला टाकी बांधून जहाजांच्या प्रतिकृती ओढल्या. आजही तेच चालतं. समजा १२५ मीटरचं जहाज पंचविसाव्या हिश्श्याने केलं, तर प्रतिकृती ५ मीटरची. वेग पंचवीसच्या वर्गमुळाने, म्हणजे पाचाने भागायचा: १५ नॉटचं, म्हणजे सेकंदाला ७.७ मीटरचं जहाज टाकीत सेकंदाला १.५४ मीटरने ओढायचं. वजन पंचवीसच्या घनाने कमी: १०,००० टनांचं झालं ६४० किलो. यात लाटा नीट जुळतात, पण पाण्याचं घर्षण जुळत नाही. दोन्ही एकाच पाण्यात जुळवणं शक्यच नसतं. म्हणून घर्षण वेगळं हिशोबाने काढून वजा करतात आणि खऱ्या जहाजासाठी पुन्हा मिळवतात. हा मुद्दा तोंडी परीक्षेत जवळजवळ नक्की येतो.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. लाटांच्या लांब, अरुंद टाकीत प्रयोग करताना मला घाई होती. एक प्रयोग संपला की पाच मिनिटांत पुढचा सुरू करायचो. वरून पाणी शांत दिसायचं. आठवडाभराने आलेख काढले तर एकाच लाटेचे आकडे दर वेळी वेगळे, कारण टाकीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी लांब, मंद लाट शिल्लक राहत होती, ती डोळ्यांना दिसत नव्हती. सगळं पुन्हा केलं. मापक लावून त्याची रेघ सपाट झाल्याशिवाय पुढचा प्रयोग सुरू करायचा नाही, मग वीस मिनिटं लागोत.

पुण्याजवळ राहणाऱ्यांना एक सोय आहे. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून काम करतंय आणि तिथे बंदरांच्या प्रतिकृती पाण्यात उभ्या करून अभ्यासतात. महाविद्यालयामार्फत परवानगी काढून एकदा जाऊन या.

सातवं: प्रबंध आणि पुढचं काम

मार्गदर्शक निवडताना विषयाच्या झगमगाटापेक्षा तीन साधे प्रश्न विचारा. प्रयोगाला टाकी कधी मिळेल, मोजलेले आकडे उपलब्ध आहेत का, आणि आधीचे विद्यार्थी किती वेळात बाहेर पडले. शेवटचा प्रश्न त्या विद्यार्थ्यांनाच विचारा. पहिला उन्हाळा गोदीत किंवा जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या वर्गीकरण संस्थेत घालवता आला तर फार चांगलं. माझगाव आणि वास्कोच्या गोद्या, कोचीन शिपयार्ड, पवईचं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था, ही नावं टिपून ठेवा आणि अर्ज डिसेंबरातच पाठवा.

कधी ना कधी तुम्हाला खऱ्या जहाजाच्या इन्क्लायनिंग टेस्टला उभं राहावं लागेल. ती बहुधा भल्या पहाटे असते, कारण वारा पडलेला हवा. माझ्या पहिल्या वेळी हातात फक्त वही आणि पट्टी होती. तेव्हा काय बघायचं ते सांगतो. धक्क्याला बांधलेले दोर सैल आहेत ना, गँगवे, म्हणजे जहाजावर चढायची फळी, उचललाय ना. टाक्या एक तर पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या, अर्धवट एकही नको; झाकण उघडून स्वतः बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. कामाशिवायची माणसं खाली उतरवा, जी वर राहतील त्यांच्या जागा ठरवून द्या. पाण्याचा नमुना घेऊन घनता मोजा, खाडीच्या तोंडाशी ती सकाळ-दुपार बदलते. ड्राफ्टचे आकडे होडीतून दोन्ही बाजूंनी वाचा. आत लंबक टांगलेला असतो, त्याचं वजन तेलाच्या पातेल्यात बुडवलेलं, म्हणजे फार झुलत नाही. क्रेनने वजन एका बाजूचं दुसऱ्या बाजूला ठेवलं की दोरा पट्टीवर सावकाश सरकतो आणि थांबतो. तो पूर्ण थांबू द्या, मगच आकडा लिहा.